धोंडुबाईचा लांबचा पल्ला

नाय नाय, खोका आत आणू नका, राहू दे दारातच — आधी बसा, कंप्युटर चालू करून बघा, मग न्या. पेणहून एवढं आलात, ते काय नुसतं डबडं बघून जायला? मशीन चांगली हाय. विकतोय ती हिला शिलाई मशीन ठेवायला जागा पायजे म्हणून — दुसरं काय नाय, कुणी काय सांगितलं असेल तर ते खोटं. नमिता, चहा टाक गो, पाव्हणे आलेत. हां, तर विंडोज हाय, मराठी टायपिंग हाय, आणि एक गेम हाय — तो मात्र पुसायचा नाय. म्हणजे पुसा, तुमची झाल्यावर तुमची मर्जी, पण आज माझ्यासमोर नको. बघाच एकदा. बघायला काय जातंय?

हे काळं दिसतंय ते सगळं आभाळ, आणि मधे ही उभी हाय ना, ती आमची बोट, आभाळात उडणारी. नाव वाचा वर — धोंडुबाई. हसताय? आईचं नाव हाय. बोटीला नाव द्या म्हणाला गेम, तेव्हा दोघांच्या तोंडून एकदमच निघालं — दोघं म्हणजे मी आणि आमचा धाकटा, प्रणित. दोघंही धाटावला, एकाच केमिकल कंपनीत ऑपरेटर. माझी सकाळची शिफ्ट तर त्याची दुपारची. जो घरी असेल तो खेळणार, आणि सुट्टी एकत्र आली की दोघं. बाकीची पोरं लुटालूट खेळतात, मारामारी — आम्हाला लांब जायचं होतं. जिथं कुणी गेलेलं नाय, नकाशात नुसता ठिपका हाय, तिथं. पण त्याला बोट तयार करावी लागते, भाऊ, उठलं की सुटलं असं होत नाय. एका ताऱ्यावरून दुसऱ्यावर उडी मारायची असते, आणि वजन जेवढं कमी तेवढी उडी लांब. म्हणून आधी तोफा काढल्या, विकल्या. मग मोठं इंजिन घातलं. मग पुढं हे तोंड बसवलं, नरसाळ्यासारखं — कारण वाटेत पेट्रोल पंप कुठला? तर सूर्याच्या जवळून जायचं आणि त्याच्यातूनच इंधन ओढून घ्यायचं. फार जवळ गेलात तर जळलात, लांब राहिलात तर टाकी कोरडी. म्हणून एकानं बोट धरायची, दुसऱ्यानं तापमानाचा काटा बघून ओरडायचं — चढतोय, चढतोय, बस, वळव! प्लँटवर नाय का, एक जण व्हॉल्व्हवर आणि एक गेजवर, तसं. एकट्याचं काम नाय ते.

भांडण झालं ते शिल्डवरून. शिल्ड म्हणजे ढाल, उष्णता अडवते. प्रणित म्हणाला काढ, जड हाय. मी म्हटलं ठेव. तर म्हणतो, दादा, तुला घरातली फुटकी बालदी टाकवत नाय, तू काय लांब जाणार! आणि मी शिफ्टला गेल्यावर काढलीच त्यानं. विचारलं नाय, काय नाय. मग शेवटच्या बंदरात टाकी मी भरली, ती पाऊण भरली. हसला मला. अहो, पण काठोकाठ टाकी कोण भरतं? उन्हाळ्यात माल फुगतो, वर जागा सोडायचीच, नाय तर झाकण उडेल — पहिल्या दिवसापासून शिकवलंय आम्हाला, आणि त्यालाही मीच शिकवलंय. म्हणतो, दादा, आभाळात कसला उन्हाळा? बरं, नसेल. एक उडी राहिली असताना संपली टाकी, ते खरं. पण शिल्ड असती तर या सूर्यातून भरून घेतली असती का नसती? असतीच ना? मग चूक कुणाची? सांगा ना. तेव्हापासून अशी उभी हाय.

ते सोडा. पुढं त्याचं लग्न झालं. भाविका पेणला शाळेत शिकवते, चांगली हाय, तिच्याबद्दल माझं काय म्हणणं नाय. पेणला बिऱ्हाड करायचं, कर बाबा. पण जायची काय रीत असते का नाय? कंपनीत पुढच्या शिफ्टचा रिलीव्हर येऊन समोर उभा राहीपर्यंत पॅनल सोडायचं नाय, घरी पंगत खोळंबली असली तरी नाय. कुठला पंप चालू हाय, कुठल्या टाकीत किती हाय, सगळं तोंडानं सांगायचं आणि मग निघायचं. चार्ज देणं म्हणतात त्याला. आणि हा? मी सकाळच्या शिफ्टला, आणि हा टेम्पो भरून गेला! घरी येतो तर खुंटीवर त्याचा टॉवेल नाय. काय जड झालं होतं त्याला तोंडानं सांगायला? — म्हणजे, मी बोलत नव्हतो त्याच्याशी तेव्हा. गणपतीपासून नव्हतो बोलत, शिमगा आला होता. आला होता तो दोनदा सांगायला, मी पेपर वर धरला… ते जाऊ दे. जड वाटलं ते काढत गेला तो. तोफा काढल्या, ढाल काढली, शेवटी आम्हाला काढलं.

गेला बघा पडदा. जातो असा मधेच, थांबा, मी —

अं? आला परत! थाप कुठं मारायची ते तुम्हाला कुणी सांगितलं? डावीकडं, मागच्या जाळीखाली, उलट्या हातानं — हे या घराबाहेर कुणाला ठाऊक नाय. नमिताला सुद्धा जमत नाय ते. माझ्याकडं बघा. प्रणितनं पाठवलंय ना तुम्हाला? व्हय का नाय? व्हयच. म्हणजे मशीन पायजे, बोट पायजे, फक्त मी नको! मला पण नको तो. काय अडलं नाय माझं. एकट्यानं करून बघितलं मी, एक डोळा काट्यावर ठेवून — जळली. परत होती तिथून उघडली, परत जळली. पण जमेल. जमवीन मी.

हे काय गो, माणसं तीन आणि कप चार? चौथा कुणाला? …तुला पण ठाऊक होतं तर. आणि तुम्ही खिडकीतून काय बघताय सारखं? सरका. कोण, तो? गल्लीच्या तोंडाशी, स्कूटरवर? भर मे महिन्यात डोक्यावर टोपी नाय, बारीक झालाय केवढा — आत यायला पाय मोडलेत काय त्याचे?

नको, हाक मारू नको गो. थांबू दे. ऊन लागतंय तर लागू दे. आमची धोंडुबाई दोन वर्षं सूर्यापुढं उभी हाय ढालीशिवाय, तिला आलं होतं कुणी विचारायला? मशीन विकायची नाय. जावा तुम्ही.