बिनऔषधाची ओळ

प्रयोग कसा बुडाला विचारताय ना? सांगतो, पण हसू नका.

चांदीच्या अतिसूक्ष्म कणांची फवारणी मिरचीच्या करप्यावर चालते का, ते मला बघायचं होतं. शहाद्याजवळच्या एका काकूंनी शेत दिलं. सगळ्या ओळी फवारल्या आणि शेवटची मुद्दाम बिनऔषधाची ठेवली. त्याशिवाय फरक कळत नाही. काकूंना बजावलं, "हिला हात लावू नका. करपली तर करपू द्या."

पुढच्या खेपेला गेलो, तर तीही ओळ हिरवीगार!

"काकू, हिला कोणी फवारलं?"

"उरेल औषध मीच मारं."

मी भडकलो. "अहो, सगळं मुसळ केरात! एक ओळ मेली असती तर काय बिघडलं असतं?"

काकू पंप धूत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"मन्ह्या दोन्ही पोरीसले एकदमच हगवन लागनी. दवाखानामा सलाईन एकच व्हती, ती मोठीले लावी. धाकली मन्ही मांडीवर वाळी गई. औषध समोर टांगेल व्हतं रे भाऊ. आते परत तेच देखू का मी?"