चार नंबरच्या संगणकावर सापडलेल्या संख्येबाबत

डिचोली, दि. १९ सप्टेंबर २००५
विषय: चोरी

मी चंद्रावती यशवंत गावस, वय ५२ वर्षे, अविवाहित, धंदा शिक्षिका (गणित), राहणार लाटंबार्से, तालुका डिचोली. आज पोलीस स्टेशनला स्वतः येऊन विचारल्यावरून मराठीत सांगते ते असे.

आमच्या हायस्कुलात आठ संगणक आहेत. परदेशातला एक प्रकल्प फार मोठ्या मूळ संख्या शोधतो. मूळ संख्या म्हणजे जिला एक आणि ती स्वतः सोडून कशानेच भाग जात नाही. जगभरचे हजारो लोक त्यासाठी आपापले संगणक रिकाम्या वेळात लावून ठेवतात. एकेका संख्येची तपासणी दोन-दोन महिने चालते. मुख्याध्यापक श्री. बाबाजी राऊळ यांच्या परवानगीने २००३ पासून आम्ही यात भाग घेतला. प्रकल्पाकडे खाते ‘गणित मंडळ’ या नावाने होते. मंडळात मुली अकरा.

दि. १३ जूनला चार नंबरच्या संगणकावर नवी संख्या लावली. ती दहावीतल्या सेजल मळीक हिच्याकडे होती. किती टक्के काम झाले ते ती रोज वहीत लिहीत असे. खनिजाचे ट्रक शाळेसमोरून जातात, लाल धूळ आत येते. ती रोज पुसण्याचे कामही तिचेच. वही सोबत हजर करीत आहे.

दि. १२ ऑगस्टला दुपारी तपासणी पुरी झाली. संख्या मूळ आहे, असे पडद्यावर आले. सेजलने आणि मी ते वाचले. शाळेत इंटरनेट नाही. म्हणून मी फ्लॉपी घेऊन स्वप्नील परब याच्या बाजारातील दुकानात गेले. आमचे निकाल नेहमी तोच पाठवतो, शाळेचे संगणकही तोच दुरुस्त करतो. तो माझा भाचा. सहा वर्षांचा असल्यापासून माझ्याकडे राहतो. आता तो चोवीस वर्षांचा आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना त्याने सांगितले, “मावशे, कांय ना तें. मशीन चुकलें. धुळीन तापलें आसतलें.” मी विश्वास ठेवला. सोमवारी सुट्टी होती. मंगळवारी मुलींना तसेच सांगितले. सेजल म्हणाली, “टीचर, मी रोज पुसलें.” मी तिला म्हटले, नीट पुसले नसशील.

दि. ३१ ऑगस्टला पेपरात बातमी आली. डिचोलीच्या तरुणाने लाखो अंकांची मूळ संख्या शोधली, नाव स्वप्नील परब. बातमीत आमचीच संख्या होती, वहीच्या पहिल्या पानावर घातांकात लिहिली आहे तीच. खात्यावरचे नाव त्याने १२ तारखेलाच बदलले होते. पासवर्ड मी त्याला कधी सांगितला नव्हता. माझ्या धाकट्या बहिणीचे नाव आणि तिचे जन्मसाल असा तो होता. ती बहीण सुलोचना, स्वप्नीलची आई. ती हयात नाही.

मी त्याला घरी विचारले. तो म्हणाला, “नांव तुजें काय म्हजें, घरांतच उरलें न्हय? तूं थोड्या वर्सांनी रिटायर जातली. म्हाका मुखार वचपाचें आसा.” तुला पुढे जायचे आहे, मग मुलींचे काय, असे मी विचारले. त्याने टीव्ही लावला.

मुख्याध्यापकांना भेटले. ते म्हणाले, “टीचर, शाळेच्याच माणसाचं नाव झालं ना? गणपतीची चवथ होऊंदी, मग बघूया.”

दि. ५ सप्टेंबरला, शिक्षकदिनी, शाळेत स्वप्नीलचा सत्कार झाला. मानपत्र मी वाचले. शालीचे तबक सेजलच्या हातात दिले होते. कार्यक्रमानंतर तिने विचारले, “टीचर, तुमकां खबर आशिल्लें?” हो, ठाऊक होते, असे मी म्हटले. तिने वही माझ्या टेबलावर ठेवली. त्यानंतर ती वर्गात येते, संगणकाच्या खोलीत येत नाही. बाकीच्या दहाही येत नाहीत.

इतके दिवस तक्रार का केली नाही असे विचारता सांगते की, वर सुलोचनेबद्दल सांगितले आहे, त्याहून जास्त मला सांगायचे नाही.

चोरीस गेलेल्या मालाचे वर्णन विचारता सांगते की, अकरा मुलींची एकसष्ट दिवसांची मेहनत. संख्या जागेवरच आहे, ती कोणाला नेता येत नाही. किंमत विचारता सांगते की, मला लावता येत नाही.

स्वप्नीलला अटक व्हावी असे माझे म्हणणे नाही. नाव चुकीचे आहे असे त्याने प्रकल्पाला स्वतःच्या हाताने लिहावे. माझ्या सांगण्याने तो लिहीत नाही. म्हणून आले.

माझा जबाब मी स्वतः दोनदा वाचला. हवालदारांनी वर ‘घरगुती वाद’ असा विषय घातला होता. तो मी खोडायला लावून तिथे ‘चोरी’ लिहून घेतले आहे. बाकी मजकूर मी सांगितला तसाच आहे.

सही/-
चंद्रावती य. गावस