खेळाचा मानकरी

अक्षता: थांब, थांब. परत एकदा सांग, मला अजून खरं वाटत नाही. तू नारळ घेऊन गेलास?

सहदेव: नारळ नि पेढे. कुणाच्या दारात रिकाम्या हाताने जातात काय?

अक्षता: काका, अंधेरीतलं ऑफिस ते. काचेचं. रिसेप्शनवर पोरगी बसलेली असते. तिच्यासमोर नारळ?

सहदेव: तिच्या टेबलावरच ठेवला. म्हटलं, साहेबांना सांगा, तुमच्या वडिलांच्या जुन्या कंपनीत मी प्रोग्रॅमर होतो. तेव्हा पोरांसाठी मी एक कॉम्प्युटर गेम लिहिला होता, ‘वांदर इले’. कंपनी बंद पडली, सीडी भंगारात गेल्या. आता तो मी इंटरनेटवर फुकट ठेवलाय. गावाकडची, इथली, सगळी पोरं खेळतायत. तर हा तुमचा मान.

अक्षता: आणि त्यांना माहीत होतं, आपल्याकडे असा गेम आहे म्हणून?

सहदेव: छे! शेटचो झील, म्हणजे आताचो साहेब, बाहेर इलो नि नारळाकडेच बघत रव्हलो.

अक्षता: म्हणजे दोन वर्षं सगळं गुपचूप, झकास चाललं होतं. मालक झोपला होता. तू पत्ता शोधलास, रिक्षा केलीस, त्याला गदागदा हलवून उठवलंस आणि सांगितलंस, उठा, तुमच्या घरात चोरी झालीय, हे घ्या पेढे!

सहदेव: चोरी कसली गो? गावच्या पालखीचा मानकरी मुंबईत येऊन राहिला, वर्षानुवर्षं फिरकला नाही, तरी त्याचा नारळ बाजूला काढतात की नाही? मान तो मान.

अक्षता: गावचा मानकरी वकिलाची नोटीस पाठवत नाही!

सहदेव: पण त्यांनी टाकूनच दिला होता ना तो खेळ? विकत नाहीत, विचारत नाहीत. मग टाकलेली वस्तू उचलून पोरांना दिली तर कुणाच्या पोटात दुखलं?

अक्षता: टाकून दिलेला गेम असा प्रकारच नाही कायद्यात. दुकान बुडतं, हक्क बुडत नाही. तू पगारी होतास, कंपनीचं काम म्हणून लिहिलंस. प्रोग्रॅम कंपनीचा. शेट गेले, कंपनीचं जे काय होतं ते मुलाकडे आलं. संपलं. मी वकिलीची सनद काय शोभेला लावलीय का? विचारायचंस तरी एकदा!

सहदेव: विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस.

अक्षता: देवा! बरं, ऐक. तुझं नशीब दांडगं आहे. मी त्यांच्या वकिलाशी बोलले. गेम राहू दे म्हणतायत. फुकट वाटा, लेखी परवानगी देतो म्हणतायत. अट एकच.

सहदेव: ती अट माका म्हायत आसा. नाय.

अक्षता: अजून मी बोललेच नाही!

सहदेव: सुरुवातीला नावं येतात त्यातलं आमच्या ऑफिसातल्या कुंदाचं नाव काढ, शेटचं नि माझं तेवढं ठेव. हीच ना? मग नाय.

अक्षता: मूळ सीडीवर तेच होतं ना पण? कुंदामावशींचं नाव तू आत्ता घातलंस. दुसऱ्याच्या गेममध्ये परस्पर फेरफार, तोही गुन्हा वर. माझ्या डोक्याची वाट लावलीस काका तू. आता मावशींनाच बोलावलंय मी. त्याच सांगतील तुला.

सहदेव: तिका कित्याक बोलावलंस? चेंबूरवरून नाहूरला, गुडघे दुखतात तिचे.

(दाराची बेल. अक्षता दार उघडते.)

कुंदा: अगं बया, लिफ्ट बंद आहे तुमची. पाणी दे आधी. सहदेव, तू पुढारी झालास म्हणे? नोटिसा यायला लागल्या तुला?

सहदेव: बस तू. काय ऐकू नको हिचं.

अक्षता: मावशी, मला खरं सांगा. ‘वांदर इले’त तुम्ही काय केलं होतं?

कुंदा: वांदरं काढली. झाडं, फणस, तो बेचकीवाला पोरगा, सगळं मीच काढलं. याला माकड काढायला सांगितलं तर मांजर व्हायचं.

सहदेव: म्होरक्या वांदराचं तोंड बघ नीट. शेटच आहे तो.

अक्षता: काका! हे या घराबाहेर बोलायचं नाही!

कुंदा: तसाच बसायचा गं खुर्चीत, पाय वर घेऊन. पण अक्षता, माझं ऐक. नाव काढून टाका. गार्गी, माझी नात, रोज खेळते तो खेळ. तिच्या वर्गातली पोरंसुद्धा खेळतात. माझ्या नावापायी पोरांचा खेळ कशाला बंद पाडायचा?

अक्षता: ऐकलंस काका? आता तरी?

सहदेव: नाय. पोरगी मैत्रिणींना काय दाखवते, विचार तिला. वांदरं दाखवते की आजीचं नाव दाखवते?

कुंदा: ते जाऊ दे रे.

सहदेव: का म्हणून जाऊ दे? खेळ वर चढवला कशासाठी मी? माझं नाव होतंच की सीडीवर. तुझं नव्हतं म्हणून चढवला!

कुंदा: ...हे मला आधी सांगायचंस.

अक्षता: एक मिनिट. मावशी, तुम्ही तिथे नोकरीला कोण म्हणून होतात?

कुंदा: टायपिस्ट. पत्रं टाइप करायची, फोन घ्यायचे.

अक्षता: चित्रं काढणं तुमच्या कामात होतं?

कुंदा: कसलं! डब्याच्या सुट्टीत काढायचे. माऊसने काढायचं म्हणजे हात भरून यायचा. याच्या हट्टापायी.

अक्षता: चित्रं कंपनीला दिली असं कशावर लिहून दिलंत? सही वगैरे?

कुंदा: मला कोण विचारतंय सही? शेट म्हणाला, छान आहेत. झालं.

अक्षता: अरे यार. काका, हे मला आठ दिवसांपूर्वी सांगायला काय झालं होतं तुला? नारळाची गोष्ट तीनदा सांगितलीस!

सहदेव: काय झाला?

अक्षता: टायपिस्टचं काम टायपिंगचं. चित्रं नोकरीचा भाग नव्हती, लिहूनही दिलेली नाहीत. मग ती कंपनीची होत नाहीत. मावशींची राहतात. ते भांडतील, पण आपली बाजू भक्कम आहे.

सहदेव: म्हणजे खेळ आमचो!

अक्षता: नाही रे बाबा! प्रोग्रॅम त्यांचा, वांदर मावशींचे. त्यांच्याशिवाय तू ठेवू शकत नाहीस आणि मावशींशिवाय ते ठेवू शकत नाहीत. मावशींनी नावाचा हट्ट धरला तर गेम आजच उतरवायचा. मग पत्र जाईल, ते हो म्हणाले तर परत चढेल.

कुंदा: आणि नाही म्हणाले तर?

अक्षता: तर बंद. कायमचा, कदाचित. नाव सोडलंत तर आजपासून बिनघोर चालू. मी वकील म्हणून सांगते, दुसरं सोपं आहे.

कुंदा: मग सोपंच कर. म्हातारपणी कसली भांडणं? पण काय गं, माझ्या नावाने त्यांचं बिघडतंय तरी काय?

अक्षता: काही नाही. मी विचारलं होतं वकिलाला. म्हणे साहेब म्हणतात, एका टायपिस्टचं नाव कशाला?

कुंदा: असं म्हणाला पोरगा?

अक्षता: हो. का?

कुंदा: या सहदेवने तेव्हाच माझं नाव घातलं होतं स्क्रीनवर. त्या पोराच्या बापाने काढायला लावलं. माझ्यासमोर. हेच म्हणाला होता. सगळे हसले, मीपण हसले. दुसरं काय करणार?

सहदेव: कुंदा, तू म्हणशील तसं. तुझ्या गार्गीचा खेळ आहे.

कुंदा: गार्गीला मी कागदावर वांदर काढून देईन. तू खेळ उतरव.

अक्षता: मावशी, परत विचार करा. कदाचित कधीच परत...

कुंदा: कळलं मला. उतरव रे. बघत काय बसलास?

सहदेव: उतरवतो. ...झाला. गेला.

अक्षता: दोघंही सारखेच आहात तुम्ही! ठीक आहे. मग पत्र लिहायलाच घेते. तेव्हाचं पद टायपिस्ट, ते लिहावंच लागेल, त्यावरच सगळं उभं आहे. आणि आता काय लिहू? गृहिणी? निवृत्त?

कुंदा: चित्रकार लिही. आणि सहदेव, तू हसू नकोस.

सहदेव: हसतंय खंय गो मी.