मूठभर खुरासणी

बोल, माणूस नेमताना तू कशावर भरवसा ठेवशील, त्याच्या कागदांवर की आपल्या मनावर? मोखाड्यात दुकान टाकतोयस, म्हणून विचारतो.

कॉम्प्युटर नुकते आले होते, तेव्हा मी जव्हारच्या दुकानासाठी हिशोबनीस शोधत होतो. ठाण्याहून एक टायवाला आला, फाईलभर सर्टिफिकिटं घेऊन. मन नको म्हणत होतं, पण मी चौथी शिकलेला, कागदांना दबलो. म्हटलं, "बसा काट्यापाशी."

पहिलीच आली जामसरची सोनीआजी, खुरासणीच्या काळ्या तेलबियांची पाटी विकायला घेऊन. तोलून झाल्यावर तिने मूठभर दाणे परत उचलले. घर रितं राहू नये म्हणून आमच्याकडे सगळ्याच बाया उचलतात. टायवाल्याने तिचा हातच धरला! "आजी, चोरी करता?"

"चोर म्हनतो गं! उचला पाट्या!" आजी कडाडली. मागच्या साऱ्या बाया उठल्याच. अख्ख्या हंगामाची खरेदी माझ्या डोळ्यांदेखत दाराबाहेर चालली!

तेवढ्यात बाकड्यावर नोकरीसाठीच बसलेला मोखाड्याचा लक्ष्मण धावला. त्याने आजीची ओंजळ भरली. "घे आये, घर रितं नको." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "शेट, हे आजीच्या वजनातून कापायचं नाय. तुमच्या खर्चात मांडतो."

माझ्या खर्चात! अजून नेमलंसुद्धा नव्हतं रे त्याला! बाया हसल्या, पाट्या पुन्हा खाली टेकल्या. मी म्हटलं, "मांड. आणि टायवाल्याच्या खुर्चीवर तू बस."

तर बाबा, तूही हिशोब प्रामाणिक ठेव. आणि ती मूठ लिहायला विसरू नकोस, आपल्याच नावावर.