सव्वासात फेरे

...आणि वर मफलर! दीड फुटाच्या झाडाला मफलर, तुम्हाला सांगते! का, तर विठ्ठलवाडीहून अंबरनाथ पूर्वेपर्यंत रिक्षात वारा लागेल म्हणून! अहो, जन्मभर आमच्या गॅलरीत वाऱ्यावरच उभं आहे ते झाड... पण नाही, महिपतीकाकांनी आपल्या गळ्यातला मफलर काढला, झाडाला गुंडाळला, वर गाठ मारली आणि रिक्षावाल्याला म्हणाले, "हळू घे रे, पेशंट आहे." रिक्षावाल्याने आरशातून आईकडे बघितलं, आईच्या मांडीवरच्या ट्रेकडे बघितलं, आणि खरंच हळू घेतली हो त्याने! मी म्हणणार होते, काका, आता सगळी मिळून अकरा पानं उरलीत, त्यातली दोन तुमच्या लोकरीला चिकटून जातील. गेलीच दोन! पण बोलायचं नाही. मोठी माणसं आहेत.

झाड माझ्या बाबांचं. वड. बाबा डेपोत मेकॅनिक होते, तिथल्या भिंतीत पाइपामागे बोटभर रोप उगवलं होतं. साहेब म्हणाले, उपटून टाक. बाबांनी उपटलं, पण टाकलं नाही, पोळीभाजीच्या डब्यातून घरी आणलं. मी तेव्हा दुसरीत. याला बोन्साय म्हणतात हे तर त्यांना चार वर्षांनी कळलं, तेही उल्हासनगर कॅम्प पाचला, हरेशभाईंच्या कुंड्यांच्या दुकानात. "अरे मेकॅनिकसाब, ये तो आपने बोन्साय बना दिया!" बाबा घाबरले, त्यांना वाटलं काहीतरी बिघडवलं आपण! मग पसरट ट्रे आला, भंगारातली तांब्याची तार आली, फांद्यांना वळण द्यायला माझी कंपासपेटी गेली ती गेलीच. आणि पाण्याचा नियम एकच. मातीत पहिल्या पेरापर्यंत बोट घालायचं, माती चिकटली तर पाणी नाही. "रिद्धी, झाड मागेल तेव्हाच द्यायचं," म्हणायचे. सतरा वर्षं ते बोट घालत होते आणि ते झाड काय मागायचं ते त्यांनाच ऐकू यायचं, आम्ही आपले आत टीव्ही बघत.

वटपौर्णिमेची तर गंमतच. आईचे गुडघे गेले, खाली उतरून नाक्यावरच्या वडाला जाणं होईना. मग म्हणाली, घरात वड आहे की! पण आमची गॅलरी साडेतीन फुटांची, त्यात वॉशिंग मशीन. फेरे मारायचे कुठून? आणि हा आमचा मेकॅनिक माणूस, त्याने काय करावं? ट्रे फिरत्या स्टुलावर ठेवला! आई हातात सुताची गुंडी धरून एका जागी उभी, आणि बाबा गुडघ्यावर बसून वड फिरवतायत. एक... दोन... सात! वर म्हणायचे, "रंजना, माझ्या आयुष्यासाठी मलाच फिरवायला लावतेस होय गं?" आई हसायची नाही. मोजत असायची ना! आणि तो धागा काढायचा नाही, आपोआप गळून पडेपर्यंत राहू द्यायचा, हा तिचा नियम. कोवळ्या खोडाला करकचून सात वेढे, आणि दर वर्षी नवे! मी कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकलेली. मी सांगितलं, आई, त्याचा गळा आवळतेयस तू. तर बाबा मला काय म्हणाले? "असू दे गं. बोलू नकोस. मोठी आहे ती."

गेल्या मार्चमध्ये बाबा गेले. सकाळी सहाची ड्यूटी, बूट घालायला वाकले... जाऊ दे. त्यानंतरच्या ज्येष्ठात स्टूल कोणी फिरवलं नाही. आईने त्या दिवशी गॅलरीचं दारच लावून घेतलं.

आणि दिवाळीनंतर झाड पानं टाकायला लागलं. रोज चार, रोज पाच, पिवळी पडून, न वाजता. मी पानं वेचायची आणि पिशवीत ठेवायची. का ठेवायची, विचारू नका. त्यात महिपतीकाका! बाबांचे मोठे भाऊ, तळमजल्यावर राहतात, रोज दुपारी पेपर वाचायला आमच्याकडे, माझ्या सुट्टीच्या दिवशीसुद्धा. "मी तेव्हाच सांगितलं होतं, खुरटवलेलं झाड घरात ठेवू नये, घरातल्या माणसाचं आयुष्य खुंटतं." आईच्या देखत! बोलतात हो अशी माणसं, चहाचा घोट घेता घेता बोलतात! आणि मी दातावर दात ठेवून बसते. कारण बोलायचं नाही, मोठी माणसं आहेत.

एवढ्यात कळलं, अंबरनाथला वामनवृक्ष, म्हणजे बोन्सायचा महोत्सव. दोन दिवस, कार्यशाळा, प्रात्यक्षिकं, आणि रविवारी चक्क झाडांचा दवाखाना: आजारी झाड घेऊन या, तज्ज्ञ तपासतील. बाबांचं वर्षश्राद्ध पंधरा दिवसांवर आलेलं. मला फक्त एवढंच हवं होतं की त्या दिवशी गॅलरीत झाड जिवंत असावं. बाकी काही नको, बक्षीस नको, फोटो नको. मी एकटीच जाणार होते. पण सकाळी बघते तर आई साडी नेसून तयार, आणि काका मफलरसकट दारात!

हॉलमध्ये शिरलो तर टेबलांवर पांढऱ्या चादरी, त्यावर झाडं, प्रत्येकापुढे पाटी: वय चाळीस, वय बावीस, कृपया हात लावू नये. काकांनी प्रत्येकाला हात लावला! एका चिंचेला दोन टिचभर चिंचा लागलेल्या, तर तिच्या मालकीणबाईंना विचारतात, "एक नेऊ का? आमटीत घालून बघतो." त्या बाईंचा चेहरा बघायला हवा होता तुम्ही! नोंदणीच्या टेबलावर दुसऱ्या एक काकू. फॉर्मवर 'झाडाचे मालक' असा रकाना, मी बाबांचं नाव लिहिलं. काकू म्हणतात, "मालक स्वतः हजर पाहिजेत हं, नियम आहे." मी म्हटलं, ते नाहीत. "मग उद्या पाठवा त्यांना!" काकू, महोत्सव आज संपतोय! आणि उद्या तरी कुठून पाठवू हो मी? आईने माझ्या हातातला पेन घेतला, बाबांचं नाव तसंच ठेवलं आणि खाली आपलं लिहिलं. काकूंनी वाचलं, आईच्या रिकाम्या कपाळाकडे बघितलं, आणि पटकन शिक्का मारला. तेवढ्यात हरेशभाई, त्यांचा कुंड्यांचा स्टॉल होता तिथे, लांबूनच ट्रे ओळखून धावत आले. "अरे बेटा, ये तो साब का वड है!" झाड बघितलं आणि नुसतं पानांवरून बोट फिरवलं. सिंधी दुकानदार, आणि काही विकलं नाही त्यांनी. म्हणजे बघा, काय अवस्था असेल झाडाची.

दवाखाना म्हणजे स्टेजवर एक टेबल. समोर साठ-सत्तर लोक आणि तज्ज्ञ म्हणजे बदलापूरचे दौलतराव, पंच्याहत्तरीचे, शर्टाला कॉलर माईक. आमचा नंबर लागला. त्यांनी मफलर सोडला, काकांकडे बघितलं. झाड फिरवलं. खोडाला एके ठिकाणी गाठीसारखा फुगवटा होता, तिथे सालीचा कोपरा चाकूने जरासा उचलला... आणि आत धागे! पिवळे, पांढरे, थरावर थर, खोडाने गिळलेले. कित्येक वर्षांचे!

माझं डोकं फिरलं. मी एवढे महिने गप्प, एवढी वर्षं गप्प, आणि आता पुरावाच समोर! मी ओरडलेच हो! "सांगत होते मी! सांगत होते ना आई तुला! गळा आवळून मारलंस तू ते झाड!" आणि दौलतरावांचा माईक चालू. हॉलभर ऐकू गेलं. मागच्या रांगेत कोणीतरी कुजबुजलं, "आई आहे तिची." आई खुर्चीत बसून पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. सोडत होती, परत गुंडाळत होती.

दौलतराव म्हणाले, "झालं तुझं बोलून? वड आहे बाळ हा. वड भिंत गिळतो, सुताचं काय घेऊन बसलीस. धाग्याने याला काही झालेलं नाही. आता तो धागा राहिलाच नाही, खोडच झालंय ते. काढायला जाशील तर झाड जाईल." मग त्यांनी ट्रेमध्ये सुरी फिरवली आणि झाड मुळासकट उचललं. वास आला हो... तुंबलेल्या मोरीचा! मुळं काळी, गिळगिळीत, बोटात धरली की सुटत होती. "बुडवून मारलंय याला. पाणी किती घालता?"

मी म्हटलं, मी रोज संध्याकाळी अर्धी बाटली, ऑफिसातून आल्यावर. बाबा गेल्यापासून कोणी बघतच नाही ना त्याच्याकडे!

आई हळूच म्हणाली, "मी पण घालते. सकाळी. आंघोळ झाली की एक तांब्या."

आणि काका! खुरटलेलं झाड घरात ठेवू नये म्हणणारे काका! खाली बघून म्हणतात, "दुपारी, रंजना आत आडवी झाली की... माझ्या ग्लासातलं उरलेलं. उष्टं नाही हं. वरून पितो मी."

दौलतराव एकदा माझ्याकडे, एकदा आईकडे, एकदा काकांकडे. "आणि बोट घालून कोणी बघत नव्हतं?"

बोट घालणारा माणूसच गेला होता हो! तिघं तीन वेळा चोरून पाणी घालत होतो, एकमेकांना न सांगता, आणि प्रत्येकाला वाटत होतं, बिचारं तहानलंय, आपल्याशिवाय त्याला कोणी नाही. वनस्पतीशास्त्र शिकलेली मी! हॉलमध्ये कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

त्यांनी सडलेली मुळं कापली. फार कापली. मूठभर राहिली. नवी भरड माती घातली, आणि बजावलं: "पाणी एकानेच, बोट घालून बघितल्यावर. आणि एकच बाजू भिंतीकडे राहू देऊ नका, रोज पाव फेरा वळवा, सगळीकडून ऊन लागेल. कोंब आला तर आला." आणि नाही आला तर? ते माईक काढत होते. रिक्षात मी आईला सॉरी म्हणणार होते, पण मध्ये काका, त्यांच्या गळ्यात चिखलाने माखलेला मफलर, आणि ते आपले रिक्षावाल्याला, "हळू घे, ऑपरेशन झालंय!"

आता पाणी मीच घालते. पण मातीत भोकं तीन दिसतात. मी एकच बोट घालते हो! दुपारचं कोणाचं, सकाळचं कोणाचं, विचारत नाही.

आणि गेल्या आठवड्यात एका सकाळी दात घासत गॅलरीत डोकावले, तर आई. गुडघ्यावर बसलेली, त्या गुडघ्यांवर! दोन्ही हातांनी स्टूल फिरवतेय. पाव फेरा नाही, अख्खा! ओठ हलतायत. तीन... चार... पाच... मी तिथेच थबकले. सहा. सात. मग स्टुलालाच धरून कशीबशी उठली, गुडघे झटकले आणि चहा ठेवायला गेली.

आता मला सांगा, सात अख्खे फेरे फिरवले तर झाड येणार कुठे? जिथे होतं तिथेच! भिंतीकडची बाजू भिंतीकडे, उन्हाकडची उन्हाकडे, दौलतरावांचं सांगणं गेलं पाण्यात! साधं गणित आहे! तोंडात ब्रश होता, काढून बोलणारच होते... मग तो तसाच राहू दिला. आई आत गेली की मी जाते आणि वरचा पाव फेरा देते. रोज सव्वासात. वर्षश्राद्ध परवावर आलंय, कोंब अजून नाही, उरलेल्या नऊतली दोन पानं आणखी गळली, आणि ती माझ्याआधी आईनेच वेचून ठेवली...

पण बोलायचं नाही. मोठी माणसं आहेत.