चाचांची रिकामी शेड

आमी मूळचे नवी मुंबईतल्या पावणे गावचे. शेती कारखान्यांत गेली, नि आता मी तिथंच एका लॅबमध्ये कामाला हाय, कोंबड्यांचे रोग तपासतात तिथं. मेलेल्या कोंबडीची कलेजी आली की मी तुकडे करून नळीत भरते, पुढचं डॉक्टर मॅडम बघतात, व्हायरस हाय का, हाय तर कुठल्या जातीचा. नुसत्या डोळ्यांनी कळत नाय ते. हे मना माहीत हाय, तरी बघा मी काय केलं.

माझा भाऊ पनवेलच्या पुढं, मामाच्या गावाला पोल्ट्री करतो. बाजूलाच उस्मानचाचांची शेड. भावानं शेड बांधली तेव्हा पानी चाचांनीच दिलं, काय सांगू तुमाला, घरचीच मानसं.

यंदा चाचांच्या कोंबड्या मरायला लागल्या, मागोमाग भावाच्या. भावानं एक माझ्यासमोर फाडली, कलेजी फुगलेली, पिवळी, चाचांकडची पन तशीच होती. तो बोलला, ताई, त्यांचाच रोग ना हा? नि मी मान हलवली, नुसती मान. तेवढ्यावर हा नाक्यावर जाऊन बोलला, चाचांच्या घानीनं माझा माल मेला, माझी बहीन लॅबमध्ये हाय, तीच सांगते. पिल्लं देनाऱ्या कंपनीचा सुपरवायझर तिथंच चहा पितो. त्यानं चाचांची पिल्लं बंद केली.

मग दोन्हीकडच्या कलेज्या आमच्या लॅबला आल्या. मॅडम बोलल्या, दोन्हीकडं ॲडिनोव्हायरसच हाय, पन जात वेगळी, एकाचा दुसऱ्याला लागलेलाच नाय. मना मान वर करवेना. भावाला फोन केला तर बोलला, झालं ते झालं, आता माझी इज्जत कशाला घालवतेस.

मी चाचांकडं गेले, सगळं सांगितलं, रडले पन. चाची पानी घेऊन आल्या. चाचांनी ऐकून घेतलं नि बोलले, बाय, मना कशाला सांगतेस? मी कुनाचं वाईट केलं नाय हे मना माहीत हाय. तुझा भाऊ जिथं बोलला तिथं जाऊन बोल.

बरोबरच बोलले हो. रविवारी नाक्यावर उतरले तर भाऊ बसलेला, सुपरवायझर पन होता. ये ताई, चहा घे, बोलला. नि मी बसले, चहा प्याले, घरी आले.

चाचांची शेड अजून रिकामी हाय. संध्याकाळी दिवा लावताना वाटतं, देवा, त्यांचं भलं कर. पन जे माझ्या तोंडानं व्हायचं हाय, ते देवाकडं मागायची पन लाज वाटते.