मगरीचा उखाणा

हासू नका बे, मगर खरीच होती! नागपूर सुटून आपली राजधानी भोपाळ झाली, त्या सालची गोष्ट. माझं नवीनच लग्न झालं होतं. सौंसरहून आम्ही सारे डोंगरातल्या तळ्यावर रोडगे खायले गेलो. दोस्त तिकडे झाडाखाली रोडगे भाजून राहिले होते, अन् मी एकटा मस्त पोहून राहिलो होतो. काठावर माझी आई अन् चार बायका.

तेवढ्यात कोणीतरी ओरडलं, "अहो, मागं पाहा!"

नव्या बायकोचा आवाज अजून ओळखीचा नव्हता. मले वाटलं, दुसरीच कोणी आपल्या नवऱ्याले बोलावून राहिली. मी पोहतच राहिलो.

मग सूर लावून आलं,
"निळ्या निळ्या तळ्यात कमळं वरवर,
शंकररावांच्या मागं आहे मगर!"

वळून पाहिलं, तर जबडा हातभर दूर! काठाले कसा लागलो, देवच जाणे.

मी म्हटलं, "अवो, जीव चालला होता माझा! सरळ नाव घेऊन हाक मारायची, तर उखाणा कायले?"

तिचे डोळे भरून आले. "सासूबाई बाजूलेच होत्या ना! नुसतं नाव कसं घेऊ?"

भीतीनं आईची दातखीळ बसली होती. ती सुटल्याबरोबर आई म्हणे, "बराबर केलं सूनबाईनं."